विनंती कमी, पुरावा जास्त

९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या एका तरुणाने पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत नोकरीसाठी अर्ज केला. अर्ज चार-पाच वाक्यांचा. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं. मी मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल कारणांमुळे शिक्षण पुढे नेता आलं नाही. मात्र माझा सगळा वेळ मी गणितात घालवत आलो आहे. ही जागा मिळाली तर कामाला न्याय देईन याची मला खात्री आहे. एवढाच मजकूर. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र. अर्जदाराचं नाव श्रीनिवास रामानुजन. १ मार्चला ते कामावर रुजू झाले.

नोकरीच्या अर्जासोबत जे पत्र जोडायचं, ज्याला आता सगळे कव्हर लेटर म्हणतात, त्याबद्दल बोलायचं तर हा अर्ज बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यात आर्जवं आहेतच. पण मधला मजकूर पाहा. रामानुजन एफ.ए.च्या, म्हणजे तेव्हाच्या कॉलेज शिक्षणाच्या पहिल्या टप्प्याच्या, परीक्षेत एकदा सोडून दोनदा नापास झाले होते, कारण गणित सोडून बाकीच्या विषयांकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. अर्जात याबद्दल खोटं काही नाही आणि रडगाणंही नाही. अर्ध्या वाक्यात ती गोष्ट उरकली आहे, आणि पुढच्याच वाक्यात ‘मग मी काय केलं’ हे आलं आहे. शिक्षण तुटलं, पण माणूस रिकामा बसला नव्हता, एवढं वाचणाऱ्याला कळतं.

पत्राने सगळं काम केलं असं मात्र नाही. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव त्यांच्या वह्या पाहून आधीच थक्क झाले होते आणि त्यांना दरमहा मदतही करत होते. पोर्ट ट्रस्टचे मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणितातले जाणकार होते. मग याला वशिला म्हणायचं का? म्हणा हवं तर. पण ज्यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला त्यांनी आधी त्यांचं काम पाहिलं होतं, आणि पत्रातही त्याच कामाचं नाव होतं.

आता आपल्याकडचा नेहमीचा अर्ज पाहू. शाळेत निबंध आणि पत्रलेखनाच्या गुणांसाठी तो आपण पाठ केलेला असतो. ‘वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की’ इथून सुरुवात, मग आपल्या नामांकित संस्थेची थोरवी, मग जन्मतारखेपासून टक्केवारीपर्यंतची माहिती, आणि शेवटी ‘दिलेल्या संधीचे सोने करीन’. इंग्रजीत लिहिला तरी साचा तोच: रिस्पेक्टेड सर, मग हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेयर, क्विक लर्नर अशी विशेषणांची माळ, आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हा साचा सरकारदरबारी दाद मागण्याचा आहे. खालच्याने वरच्याकडे तोंड करून बोलायचं, आपली गरज सांगायची आणि कृपेची वाट पाहायची. नोकरी देणाऱ्याला मात्र तुमच्या गरजेशी देणंघेणं नसतं. त्याचं काहीतरी अडलेलं असतं, म्हणून त्याने जाहिरात दिलेली असते. तुमच्या पत्रात त्याला त्या अडलेल्या कामाबद्दल काही सापडतं का, एवढंच तो शोधत असतो.

आणि फार वेळ शोधत नाही. एका जागेला ढिगाने अर्ज येतात. पहिल्या चाळणीत एकेका अर्जाला काही सेकंद मिळाले तरी पुष्कळ. त्या वेळात ‘मी अत्यंत मेहनती आहे’ हे वाक्य डोळ्यांपुढून गेलं काय आणि न गेलं काय, सारखंच. कारण आळशी माणूसही तेच लिहितो.

म्हणून पत्राचं निम्मं काम ते लिहायला बसण्याआधी होतं, आणि ते म्हणजे जाहिरात नीट वाचणं. समजा, पुण्याजवळच्या चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची जाहिरात आहे. क्वालिटी इंजिनिअर हवा. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, अनुभव हवा. सप्लायरकडे प्रवास करण्याची तयारी हवी. एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि त्यावरचा उपाय मांडणारा अहवाल) लिहिता आला पाहिजे. यातून काय कळतं? बाहेरून येणारं कास्टिंग खराब निघतंय. तक्रारी पुन्हापुन्हा येताहेत, म्हणून त्या कायमच्या मिटवून लेखी उत्तर देणारा माणूस पाहिजे. आणि ऑफिसात बसून हे जमणार नाही, सप्लायरच्या शॉपफ्लोअरवर जाऊन उभं राहावं लागणार आहे. जाहिरातीत इतर दहा अटी असतील, पण कळीच्या या दोन-तीनच. उरलेल्या बहुतेक कुठल्यातरी जुन्या जाहिरातीतून उचललेल्या असतात, हे भरती करणारेही खासगीत कबूल करतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत चार वर्षं काम केलेला एक मुलगा या जागेसाठी अर्ज करतो आहे असं धरू. साच्यातला अर्ज तो असा सुरू करेल: ‘मी मेकॅनिकल डिप्लोमा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून मला क्वालिटी विभागातील चार वर्षांचा अनुभव आहे. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी इच्छा आहे.’ हे सगळं बायोडेटात आहेच. इच्छाही उघडच आहे, नाहीतर अर्ज कशाला केला असता? आता हेच असं लिहून पाहू:

‘तुमच्या जाहिरातीत सप्लायरकडून येणाऱ्या कास्टिंगचा उल्लेख आहे. गेली चार वर्षं मी कास्टिंग बनवणाऱ्या बाजूला आहे. आमच्या एका पार्टमध्ये ब्लो होल निघत आणि माल परत येई. वाळूतल्या ओलाव्याची नोंद आम्ही दर पाळीला घेऊ लागलो, ओलावा मर्यादेबाहेर गेला की मोल्डिंग थांबवू लागलो. सहा महिन्यांत त्या पार्टचं रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ग्राहकाला पाठवलेला एट-डी रिपोर्ट मी लिहिला होता. सप्लायर कुठे वेळ मारून नेतो आणि कुठे त्याची खरीच अडचण असते, हे मी त्याच्या जागी बसून पाहिलं आहे.’

यात स्वतःबद्दल एकही विशेषण नाही. ‘मेहनती’ कुठे लिहिलेलं नाही, पण दर पाळीला ओलावा मोजणारा माणूस मेहनती असणार हे वाचणारा स्वतः ठरवतो, आणि स्वतः ठरवलेल्या गोष्टीवर माणसाचा जास्त विश्वास बसतो. रिजेक्शन शून्यावर आलं असा दावा नाही. ५ टक्के उरलंच, हेही लिहिलं आहे. फाउंड्रीतला माणूस अशा आकड्यावर विश्वास ठेवतो. ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळे ठेवले आहेत, हेही महत्त्वाचं: काम सगळ्यांचं, रिपोर्ट माझा. मुलाखतीत पहिला प्रश्न इथेच येतो, आणि दुसऱ्याचं श्रेय खिशात घातलेला उमेदवार तिथेच अडखळतो. शेवटचं वाक्य तर बायोडेटाच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं. बायोडेटात काय केलं ते लिहितात. ते करताना काय कळलं, ते लिहायला हे पत्र असतं.

उरतो एक परिच्छेद: हीच कंपनी का? इथे लोक वेबसाइटवरची स्तुतीची वाक्यं उचलून तिलाच परत ऐकवतात. त्यापेक्षा खरं कारण लिहावं. ‘मशिनिंग झाल्यावर कास्टिंगचे दोष कसे उघडे पडतात ते मला आजवर फक्त तक्रारीच्या कागदावर दिसलं आहे, तुमच्याकडे ते प्रत्यक्ष पाहायला मिळेल’ हे खरं कारण झालं. कधी खरं कारण ‘आई-वडील पुण्यात असतात’ एवढंच असतं. तेही लिहायला हरकत नाही. गावाकडून आलेला माणूस टिकेल का, ही शंका मालकाच्या मनात असतेच.

पत्र कुणाला लिहितो आहोत हे पाहण्याच्या बाबतीतही पुन्हा रामानुजनच आठवतात. पोर्ट ट्रस्टमध्ये असताना त्यांनी केंब्रिजच्या गणितज्ञांना पत्रं लिहिली. बेकर आणि हॉब्सन यांच्याकडून काही निष्पन्न झालं नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्याच हार्डींना लिहिलं. सुरुवातीलाच सरळ सांगून टाकलं की मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला २० पौंडांवर काम करणारा कारकून आहे, विद्यापीठाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. आणि मग मुद्दा: हार्डींच्या एका पुस्तिकेत, दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळ संख्या किती याचं निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही असं म्हटलं होतं. रामानुजननी ते पान वाचलं होतं, आणि आपल्याला असं सूत्र सापडलं आहे असं कळवलं. सोबत पानंच्या पानं प्रमेयं, सुमारे १२० तरी. तुम्ही जिथे थांबलात तिथून मी पुढे काही केलं आहे, असं सांगणारं पत्र टोपलीत टाकायला कुणाचा हात होईल? गंमत म्हणजे मूळ संख्यांबद्दलचा तो दावा पुढे चुकीचा ठरला. पण तोवर हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड बाकीची प्रमेयं वाचत बसले होते, आणि १९१४च्या एप्रिलमध्ये रामानुजन इंग्लंडला पोचले. (त्या पत्रात त्यांनी वय साधारण २३ लिहिलं आहे, होतं २५. आजच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हे निभावलं नसतं, तेव्हा एवढी एक गोष्ट उचलू नये.)

शंभर वर्षं आधी लंडनमध्ये असंच घडलं होतं. मायकेल फॅरडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला शिकाऊ कारागीर. विज्ञानाशी संबंधित कुठलंही काम चालेल, असं त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. १८१२च्या अखेरीस त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींना लिहिलं, पण या वेळी पत्राबरोबर एक ग्रंथच पाठवला: डेव्हींच्या चार व्याख्यानांची त्याने स्वतः घेतलेली टिपणं, आकृत्यांसकट, स्वतः बांधलेली, तीनेकशे पानांची. डेव्हींनी सौजन्याने उत्तर दिलं, भेटले, पण तेव्हा जागा नव्हती. काही आठवड्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका सहायकाला भांडणावरून काढून टाकावं लागलं, तेव्हा डेव्हींना हा मुलगा आठवला. मार्च १८१३मध्ये फॅरडेची नेमणूक झाली. बँक्स यांना गेलेल्या पत्रात मागणी होती. डेव्हींना गेलेल्या पत्रासोबत कामाचा नमुना होता.

‘आम्ही फ्रेशर, आमच्याकडे कसला नमुना?’ असं विचारणाऱ्यांना फॅरडेचं उदाहरण द्यावं. त्याच्याकडे अनुभवाचं प्रमाणपत्र नव्हतं. दुसऱ्याची व्याख्यानं लक्ष देऊन ऐकल्याचा पुरावा होता. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खरोखर स्वतः केला असेल तर त्यात काय फसलं आणि मग काय बदललं, हे चार ओळींत लिहा. कॉलेजच्या मासिकाचं संपादन, मंडळाच्या वर्गणीचा चोख ठेवलेला हिशेब, घरच्या दुकानाचा स्टॉक एक्सेलवर आणणं, यातलं काहीही चालतं, फक्त ते त्या जागेच्या कामाशी जुळलं पाहिजे. अकाउंट्सच्या जागेसाठी वर्गणीचा हिशेब लिहावा, ढोलपथक लिहू नये.

नोकरीत खंड पडलेल्यांनी रामानुजनांच्या अर्जातलं ते अर्धं वाक्य गिरवावं. ‘मुलीच्या जन्मानंतर तीन वर्षं नोकरी थांबवली होती. त्या काळात दोन दुकानांची जीएसटीची विवरणपत्रं मी घरून भरत होते.’ झालं. क्षमा मागायची नाही, कारणांचा पाढा वाचायचा नाही. खंड लपवला की मात्र तो शोधला जातो, आणि मग पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हल्ली अर्ज ईमेलने जातो, त्यामुळे ईमेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच लिहून पत्र वेगळ्या फाइलमध्ये जोडलं तर ती फाइल उघडली जाईलच असं नाही. जाहिरातीत स्वतंत्र पत्र मागितलं असेल तरच जोडा. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, जाहिरातीचा क्रमांक असल्यास तो, आणि तुमचं नाव. बायोडेटा पीडीएफमध्ये, आणि त्या फाइलच्या नावात तुमचं नाव. ‘न्यू रेझ्युमे फायनल टू’ या नावाच्या फायली एचआरच्या संगणकावर शेकड्याने असतात. पत्र दोन-अडीचशे शब्दांत संपावं, तीनशे म्हणजे फार झाले. पगाराची अपेक्षा विचारली असेल तर आकडा लिहा, नसेल तर विषय काढू नका. नोटीस पिरियड मात्र न विचारता लिहावा, त्याने समोरच्याचं काम सोपं होतं. जाहिरात मराठीत असेल, म्हणजे शाळा, सहकारी बँक, वृत्तपत्र, सामाजिक संस्था, तर पत्र मराठीतच लिहा, उगाच इंग्रजीचा आव आणू नका. एमपीएससीसारख्या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो आणि तिथे अशा पत्राला काडीचीही किंमत नसते, तेव्हा तिथे ही मेहनत वाया घालवू नका.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी त्या देशाची रीत पाहून घ्यावी. आपल्याकडच्या बायोडेटात वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित हे सगळं अजूनही असतं. अमेरिकेत यातलं काहीही लिहायचं नाही, फोटोही लावायचा नाही. भेदभावाचा आरोप नको म्हणून तिथल्या कंपन्यांना ही माहिती हातात यायलाच नको असते. जर्मनीत उलट फोटो लावण्याची जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे जाणाऱ्यांना ‘आनश्राइबन’, म्हणजे तिथलं हे पत्र, चांगलंच ठाऊक असतं: एक पान, संबंधित व्यक्तीचं आडनाव घालून मायना, आणि कधीपासून रुजू होता येईल ती तारीख. मात्र त्याच जर्मनीत रेल्वेने २०१८ साली शिकाऊ उमेदवारांसाठी या पत्राची अट काढून टाकली. पत्र लिहिण्याच्या धाकाने अर्जच न करणारी मुलं तिला हवी होती. पत्र लिहिता येणं आणि काम करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या भरती करणाऱ्यांना पटलं असावं, मलाही पटतं. पण जोवर समोरचा पत्र मागतो आहे, तोवर ते लिहायला हवं.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि निर्दोष इंग्रजीतली पत्रं एका मिनिटात तयार होऊ लागली. परिणाम असा की सगळी पत्रं नाव बदललं की कुणालाही चालणाऱ्या लग्नपत्रिकेसारखी झाली आहेत. व्याकरण तपासायला हे यंत्र जरूर वापरावं, मी तर म्हणेन वापरावंच. पण शिरोलीच्या वाळूतला ओलावा त्याला ठाऊक नाही. तो तुम्ही सांगितला नाही तर त्याच्या जागी ते ‘गुणवत्तेबद्दलची तळमळ’ लिहून मोकळं होतं. आधी स्वतः वेड्यावाकड्या मराठीत का होईना मजकूर लिहा, मग हवी ती मदत घ्या.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण करायला हरकत नसते. दोन ओळींची, त्याच ईमेलला उत्तर म्हणून. १९०१ साली बेकार असलेल्या आइन्स्टाइनने लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांना आपला शोधनिबंध पाठवून काम मागितलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा मागच्या पत्रात पत्ता लिहिला होता की नाही ते आठवत नाही, असं निमित्त काढून त्याने आणखी एक पोस्टकार्ड टाकलं. त्यालाही उत्तर नाही. मग मुलाच्या नकळत वडिलांनीच ओस्टवाल्डना पत्र लिहिलं. तेही व्यर्थ. नऊ वर्षांनी नोबेलसाठी आइन्स्टाइनचं नाव सगळ्यांत आधी सुचवलं ते याच ओस्टवाल्डनी. तेव्हा एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको, आणि वडिलांना तर मुळीच फोन करायला लावू नका. आपल्याकडचे एचआरवाले त्या फोनचे किस्से वर्षानुवर्षं सांगतात.

आणि पाठवायचं बटण दाबण्याआधी पत्र एकदा मोठ्याने वाचा. मागच्या अर्जातलं दुसऱ्या कंपनीचं नाव कुठे राहून गेलं आहे का, ते बघा. अर्ज बाद होण्याचं इतकं सोपं कारण दुसरं नाही.